हलिनाबाईंच्या दोन तारखा

हलिनाबाई नागपुरात आल्या तेव्हा डिसेंबरची थंडी नुकतीच पडली होती. म्हणजे आपल्यासाठी थंडी. त्या बिनबाह्यांच्या झग्यात गच्चीवर ऊन खात बसायच्या आणि शेजारच्या बायका शाली गुंडाळून त्यांच्याकडे बघत राहायच्या.

त्या देवकी भोयरच्या विहीणबाई. देवकीचा मुलगा उन्मेष डॉक्टरकी शिकायला युक्रेनमधल्या पोल्टावाला गेला होता, आणि परत येताना लेस्याला सून म्हणून घेऊन आला. आता लेस्याला मनीषनगरात सहा वर्षं झाली होती. भाजीवाल्याशी घासाघीस करताना ती देवकीपेक्षा अस्सल नागपुरी बोलायची. तिचे वडील मिकोला दोन वर्षांपूर्वी गेले, पण युद्धामुळे तिला जाता आलं नाही. भाऊ तारास तिकडे तुटलेल्या वीजतारा जोडण्याच्या कामावर होता, आठ-आठ दिवस घरी नसायचा. आई गावात एकटी नको, म्हणून लेस्याने या हिवाळ्यात तिला बोलावून घेतलं.

दोन्ही विहिणींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. पण पहिल्याच सकाळी देवकी मेथी निवडत बसली तशी हलिनाबाईंनी अर्धी जुडी स्वतःपुढे ओढली, आणि तिथून दोघींचं जमलं.

डिसेंबर अर्ध्यावर आल्यावर लेस्याने घरात जाहीर केलं, "आई, यंदा आपण पवित्र संध्याकाळ करू. नाताळाच्या आदल्या दिवशी. बारा पदार्थ लागतात. मटण-चिकन नाही, अंडं नाही, दूध-तूपही नाही."

"म्हंजे उपासच झाला वं," देवकी म्हणाली.

"उपास, पण पोटभर. आणि सगळ्यात पहिले कुत्या खायची."

बापूजी, म्हणजे देवकीचे यजमान, पेपरातून दचकून वर आले. "काय खायची म्हन्ते?"

"कुत्या, बाबा. शिजवलेला गहू, खसखस, मध आणि अक्रोड."

"मंग खीरच म्हन ना. मी तं घाबरलोच."

दुसऱ्या दिवशी तिघी इतवारीत गेल्या. हातगाड्यांतून वाट काढत धान्याच्या दुकानात पोचल्यावर हलिनाबाईंनी प्रत्येक पोत्यातला गव्हाचा दाणा दातांखाली फोडून पाहिला. चौथ्या पोत्याला त्यांनी मान डोलावली. दुकानदार हसून म्हणाला, "मावशीले समजते बरं." खसखस, सुके जर्दाळू, अक्रोड, सगळं घेऊन झालं. हलिनाबाई इतक्या खुशीत होत्या, की परतताना ऑटोत काहीतरी गुणगुणत होत्या.

मग लेस्या काहीतरी बोलली आणि गुणगुणणं थांबलं. माय-लेकी हळू आवाजात, पण जोरजोरात हात हलवत बोलू लागल्या. घर येईपर्यंत दोघींनी दोन दिशांना तोंडं फिरवली होती.

दोन दिवस हेच चाललं. जेवायला बसायच्या, उठायच्या, एकमेकींशी शब्द नाही. शेवटी देवकीने उन्मेषला स्वयंपाकघरात गाठलं. "काय झालं रे? काहून भांडून राहिल्या ह्या दोघी?"

उन्मेषने सांगितलं. भांडण तारखेचं होतं. त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या ही संध्याकाळ सहा जानेवारीला व्हायची, जुन्या पंचांगाप्रमाणे. हल्ला करणाऱ्यांच्या देशात अजून तेच चालतं. युद्ध सुरू झाल्यानंतर तिथल्या बहुतेक चर्चनी तारीख चोवीस डिसेंबरवर आणली. लेस्याचं म्हणणं, ज्यांनी आमची घरं पाडली त्यांचं पंचांग मी पाळणार नाही. आईचं म्हणणं, मी जन्मभर सहालाच बसले, आता ह्या वयात बदलणार नाही.

देवकीला हसू आलं. ती तडक बाहेर येऊन दोघींच्या मधे बसली. "लेस्या, तुह्या आईले सांग. आमच्या कॅलेंडरातही एकादशी कधी कधी दोन दिवस येते. एक स्मार्त, एक भागवत. माह्या माहेरी दुसरी पाळायचे, इथं सासरी पहिली. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी दोन्ही दिवस उपाशी राहिली. देवानं एकदाही मले विचारलं नाही, की काहून वं देवकी, दोनदा काहून?"

लेस्याने सांगितलं. हलिनाबाई थोडंसं हसल्या, देवकीचा हात थोपटला, पण मान हलवली. मग सावकाश काही बोलल्या. लेस्याचा चेहरा पडला.

"काय म्हन्ते?"

"त्या रात्री आमच्याकडे गेलेली माणसं जेवायला येतात, आई. त्यांचं ताट मांडतात. ती म्हणते, मिकोला सहा तारखेलाच येणार. तारीख बदलली तेव्हा तो नव्हता. त्याला कोण सांगणार?"

पितृपक्षात सासऱ्यांचं पान देवकीही तिथीलाच वाढायची. तिथी चुकली तर तिलाही चाललं नसतं. ती उठली आणि चहा ठेवायला गेली.

तरी तिने एक काम केलं. टेबलाशेजारी धान्याची पेंडी उभी करतात, तिच्यात घराण्यातली मोठी माणसं येऊन बसतात, असं लेस्याने सांगितलं होतं. देवकीने मौद्याला शेती करणाऱ्या भावाला, नत्थूजीला, फोन लावला. "गव्हाची पेंडी भेटन का गा?"

"गहू तं आता हिरवा हाय, बाई. धान पायजे असन तं आणतो. लोंब्यांसकट ठेवला हाय थोडा."

तेवीस तारखेला दुपारी नत्थूजी मोटरसायकलवर धानाची जाडजूड पेंडी आणि पोतंभर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, बांधून आले. हलिनाबाईंनी पेंडी हातात घेतली. धान त्यांनी असा कधी पाहिला नव्हता. लोंब्या त्यांनी गालाला लावल्या, वास घेतला, आणि विटकरी रंगाचा आपला डोक्याचा रुमाल सोडून पेंडीच्या कमरेला बांधला. पण पेंडी उभी केली ती स्वतःच्या खोलीत. म्हणजे सहा जानेवारीच.

त्याच संध्याकाळी तारासचा फोन आला. हलिनाबाई आधी नेहमीसारख्या बोलल्या. मग फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिल्या. लेस्या शेजारी कान लावून उभी होती. तिने तोंडावर हात धरला. फोन ठेवल्यावर तीच देवकीला सांगू लागली.

"आईचं म्हणणं मी तारासला कळवलं होतं. काल तो गावी गेला. बाबांच्या थडग्यावरचा बर्फ काढला, मेणबत्ती लावली. म्हणाला, मी बाबांना सांगून आलो. यंदा चोवीसला जेवायला यायचं, आणि लांब यायचंय, नागपूरला. लवकर निघा म्हणालो."

देवकीने पदराने डोळे पुसले. हलिनाबाई मात्र उठल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि गव्हाचा डबा शोधू लागल्या. गहू रात्रभर भिजायला हवा होता.

चोवीस तारखेला सकाळपासून चूल बंद झाली नाही. खसखस वाटायला देवकीने पाटा-वरवंटा काढला. हलिनाबाईंनी एकदा पाहिलं आणि मग वरवंटा तिला परत दिलाच नाही. बिटाचं सार झालं, भात भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या झाल्या, बटाट्याच्या करंज्यांसारखे उकडलेले वारेनिकी झाले, सुक्या फळांचं सरबत झालं. या बारांत एरवी मासाही असतो, पण मार्गशीर्ष असल्यामुळे घरात तो शिजणार नव्हता. त्याच्या जागी देवकीने भरली वांगी केली, आणि बारावा पदार्थ म्हणून जवसाची चटणी ठेवली. हलिनाबाईंनी बोटाने चाखली, डोळे मोठे केले आणि आणखी थोडी घेतली.

टेबलावर तणस पसरून वर पांढरी चादर अंथरली. चारही कोपऱ्यांवर लसणाच्या कुड्या ठेवल्या. पेंडी खोलीतून बाहेर आली. तिच्याजवळ एक ताट जास्तीचं मांडलं.

पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायचं नव्हतं. बापूजी स्वेटर घालून गच्चीवर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने वरूनच ओरडले, "दिसला! पण हा शुक्र होय, तारा नोहे. चालते का?"

"चालते, बाबा, चालते!" लेस्या खालून हसत ओरडली.

सगळे बसले. हलिनाबाईंनी उभं राहून प्रार्थना म्हटली, आणि पहिला चमचा त्या रिकाम्या ताटात वाढला. मग देवकीच्या. बापूजींनी कुत्या दोनदा मागून घेतली. जेवणं झाल्यावर रीत म्हणून डब्यांत भरून ती शेजारीपाजारी वाटली. लेस्या प्रत्येक दारात तेच समजावून सांगत होती आणि प्रत्येक दारातून काहीतरी घेऊन परत येत होती. कुणाकडून चिवडा, कुणाकडून पेरू.

जानेवारी उजाडला. पाच तारखेला रात्री देवकी पाणी प्यायला उठली, तर ओट्यावर वाटीभर गहू भिजत घातलेला दिसला. सकाळी लेस्या उठली, तिनेही वाटी पाहिली. मग डबा उघडून खसखस काढली, निवडली, आणि आईसमोर ठेवली.

हलिनाबाईंनी मान वर करून लेकीकडे पाहिलं आणि बाजूला सरकून तिच्यासाठी जागा केली. देवकीने गॅसवर पातेलं चढवलं. त्या दिवशी पदार्थ एकच होता. तिघी जणी स्वयंपाकघरातच जमिनीवर बसून जेवल्या.