एकेचाळीस धडे

माझे यजमान अण्णाराव लोहाऱ्याजवळच्या एका शाळेत गुरुजी होते. शाळा बंद होत्या त्या वर्षी त्यांनी मुलांसाठी एकेचाळीस धडे संगणकावर बोलून ठेवले, आणि पुढच्याच वैशाखात ते गेले. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच राहिला नाही. होता तो त्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये, आणि ती डिस्क आता खरखरायला लागली होती.

लोहाऱ्यात मुजीबचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो त्यांचाच विद्यार्थी. "काकू, आजच आणा. उद्याचा भरवसा न्हाय," असा त्याचा फोन आला तो नेमका सोमवारी. अण्णाराव दवाखान्यात होते तेव्हा, दर सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन धरीन, असं मी रामलिंगाला बोलले होते. ते घरी आले नाहीत, पण व्रत मी सोडलं नाही. फोन नुसता ऐकला आणि संगणक घेऊन निघाले.

दुकानात 'आज मौन आहे' अशी चिठ्ठी मी पुढं केली तसा मुजीब हसला. "आमच्या पोरीला, सिमरनला बी शिकवा की हे व्रत. सातीच्या साती दिवस!"

त्यानं जुनी आणि नवी कोरी डिस्क आपल्या संगणकाला जोडली. काळ्या पडद्यावर नावं आली. "ही बघा, एसडीबी म्हणजे सरांची, पाचशे जीबी. एसडीसी नवी, एक टीबी. सरांच्या डिस्कचा दुसरा भाग नवीच्या दुसऱ्या भागात जसाच्या तसा जाणार. ह्या डीडीला, नक्कल करायच्या हुकमाला, लिहिलेलं कळतं, मनातलं न्हाय. कुठनं कुठं, तेवढं चुकायचं न्हाय."

त्यानं हुकूम लिहून एंटर दाबलं आणि तेवढ्यात लाइट गेली. संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला, वेगळ्या प्लगवरच्या डिस्का मात्र बंद पडल्या. लाइट आली तेव्हा मुजीब फोनवर गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. पडद्यावर ओळी आपसूक उमटल्या. मी त्या वाचल्या. एसडीबीपुढं आता एक टीबी होतं आणि एसडीसीपुढं पाचशे. नावांची अदलाबदल झाली होती.

मुजीबनं कानाला फोन धरूनच वरच्या बाणाची कळ दाबली. मघाचाच हुकूम परत आला: एसडीबीतून एसडीसीत. म्हणजे आता कोरी डिस्क ह्यांच्या डिस्कवर उतरणार होती.

मी टेबलावर चापट मारली. त्यानं 'थांबा जरा' असा हात केला. शब्द ओठापर्यंत आला होता. पाच वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता. मुजीबला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं मी मनाला सांगितलं. त्यानं एंटर दाबलं.

फोन ठेवून त्यानं पडद्याकडं पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. थांबवेपर्यंत चार मिनिटं गेली होती.

"काकू, माझ्या हातानं सरांना पुसलं म्या." तो खालीच बसला. "मला माफ करू नका."

दिवेलागणीला अजून वेळ होता.

"मी वाचलं होतं, मुजीब."

"कवा?"

"तू एंटर दाबायच्या आधी."

त्यानं मान वर केली. "मग आत्ता कशाला बोलला, काकू?"

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, पण उठून कामाला लागला. उरलेल्या जागेतून शोधून शोधून त्यानं सात धडे काढले. हेडफोन माझ्यापुढं ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

पाण्याचा धडा होता. "बाळांनो, लक्ष आहे ना?" ते विचारत होते. मला साधं हूं म्हणायचाही धीर होईना.