वीतभर उडणारा आणि माझं ठिगळ

मित्रांनो, मी इजिप्तमधल्या दमनहूर गावच्या थिएटरातला एक जुना पडदा आहे. जुना म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. भल्याभल्या नट्या माझ्या अंगावर रडून गेल्या आहेत. मला मात्र एकही सिनेमा दिसलेला नाही. चित्र माझ्या अंगावर पडतं. मला दिसतात ती समोरची तोंडं; सिनेमा मी नुसता ऐकतो, बाकीचं लोकांच्या बोलण्यावरून कळतं.

मालकीण इन्शिराहबाईंनी मला स्वतःच्या हातांनी शिवलं. उजवीकडचं ठिगळही त्यांचंच. आमच्याकडे सिनेमा पसंत पडला नाही की लोक पाय आपटतात, "खोटा सिनेमा, पैसे परत" असं ओरडतात आणि हातात असेल ते मला मारतात. एकदा बाटली लागली आणि मी फाटलो. माझं कौतुक करणाऱ्यांपैकी एकही आडवा आला नाही. तेव्हापासून दिवे मालवले की माझ्या कडा थरथरतात.

यंदा ईदेच्या आधी बाईंचा मुलगा रमझी म्हणाला, "आई, आता फाटला तर शिवायचा नाही. काढून टाकू आणि इथं लग्नाचा हॉल करू."

"कर की. आधी स्वतःचं लग्न जमवून दाखव," बाई म्हणाल्या. पण नको म्हणाल्या नाहीत. माझी झोप उडाली ती तिथंच.

नावाजलेले हिरो बाजारातल्या नव्या थिएटरने पळवले होते. आमच्या वाट्याला आला तो कुणी न ऐकलेला हिरो. तो उडतो, पण जमिनीपासून फक्त वीतभर. आमच्या रंगाऱ्याने सिनेमा न बघताच, सवयीने, बाहेरच्या फलकावर रुंद छाती, ढग आणि वीज रंगवून टाकली. ती बघून ईदेच्या दुपारी नव्या कपड्यांतली गर्दी लोटली.

सिनेमा सुरू झाला आणि तोंडं उतरली.

"हा उडतोय की उंबरा ओलांडतोय?" मागून कुणीतरी म्हणालं. पाय आपटू लागले. तिसऱ्या रांगेतल्या मितवल्ली खाटकाने बाटली उगारली. मी दोरीला घट्ट धरून राहिलो.

तेवढ्यात सिनेमात एक मांजर सज्जात अडकली. हिरो जोर करून वीतभर वर गेला आणि खालच्या म्हातारीला म्हणाला, "मावशी, जरा स्टूल मिळेल का?"

मितवल्लीचा हात तसाच थांबला. "अगं, हा तर थेट आपल्या हमदीसारखा," तो बायकोला म्हणाला. "भाऊ तुझा. दिवा बदलायलासुद्धा स्टूल मागतो."

"तो मागतो तरी. तुम्ही जागचे उठता का?"

रांग हसली, मग अख्खं थिएटर. बाटली त्याच्या मांडीवर उतरली, पण शेवटपर्यंत माझा डोळा तिच्यावरच होता. एक मात्र पाहिलं. मोठ्या हिरोला लोक माना वर करून बघतात. याला बघताना सगळ्यांच्या माना सरळ होत्या.

खेळ सुटल्यावर रमझी लोकांनी खाऊन टाकलेली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं झाडत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, टाचा उचलल्या, हात पसरले आणि रांगांमधून तरंगत निघाला.

"उतर खाली," दारातून बाई म्हणाल्या. "पुढच्या खेळाला लोक खोळंबलेत."

मित्रांनो, सिनेमा नाही पटला तर खुशाल उठून जा, पण हातातली बाटली सोबत न्या. माझं कापड आता म्हातारं झालंय. आत्ता पुन्हा दिवे मालवतील, तो पुन्हा वीतभरच उडेल, आणि समोर सगळी नवी तोंडं असतील.