पेटीतलं बियाणं

धानाच्या दाण्याला कोंब फुटताना आधी एका टोकाशी पांढरा ठिपका दिसतो. दोन दिवसांत तो तीन-चार मिलिमीटरचा होतो. मेलेला दाणा नुसता फुगतो. दाबला की आतून पांढरट पाणी येतं. पोत्याच्या ओल्या तुकड्यावर मी दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडून गुंडाळी केली होती. सहाव्या दिवशी सकाळी ती उलगडली. शंभरातले अडतीस फुटले होते. पेरायचं बियाणं ऐंशीच्या वर लागतं.

"अडतीस," मी म्हणाले.

हिंदी शाळेत जाणारी माझी मुलगी पिंकी शेजारी उकिडवी बसली होती. "पास तो हो गए, दादाजी. तैंतीस में पास होते हैं."

भैय्यालाल, माझे सासरे, आमचे बाबा, हसले नाहीत. "मोजण्यात गडबड झाली असंल, मोनाली. सरक जराशी."

खाली बसायला त्यांना वेळ लागला. गुडघे आता ऐकत नाहीत. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सिलतरा गावाच्या पलीकडे चार एकर शेत घेतलं, फौजेतल्या मुलासाठी. यशदीप, माझा नवरा, पेन्शन घेऊन परत येईल आणि शेती करेल, असं घरात ठरलेलं होतं. ठरवलं बाबांनीच होतं.

डिसेंबरात सुटी संपवून जाताना यशदीप आपली जुनी काळी लोखंडी पेटी ठेवून गेला. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर आणि नाव. बाबांनी तिच्यात बियाण्याचं धान भरलं, कुलूप लावलं आणि पेटी पत्र्याच्या खोलीत ठेवली. पोराच्या पेटीत बियाणं जपून राहील, असं त्यांचं म्हणणं. धान पुरतं वाळलेलं नव्हतं. ओलसर दाणा बंद लोखंडात आतल्या आत तापतो, हे मला ठाऊक होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज नमुन्यांतली ओल मोजणं हेच माझं काम. पण पेटीवर त्याचं नाव होतं, म्हणून मी बोलले नाही.

एप्रिलमध्ये बोअरची मोटार जळली. मे महिन्यात यशदीप सुटीवर येऊन ती बसवणार होता. मग सीमेवर लढाई सुरू झाली आणि सगळ्यांच्या सुट्या रद्द झाल्या. चार दिवसांनी लढाई थांबल्याची बातमी आली, सुटी मात्र परत आली नाही. तीन-चार दिवसांतून एकदा त्याचा फोन येई, मिनिटभर. घरातली प्रत्येक गोष्ट आम्ही त्या मिनिटावर ढकलत होतो, आणि ते मिनिट "जेवला का" विचारण्यात संपत होतं.

बाबांची पेन्शन औषधांत जाई. मागचे दोन हंगाम माझ्या पगारातून निघाले होते. आता मोटारीचा खर्च होता, ट्रॅक्टरचा होता, आणि आजपासून नव्या बियाण्याचाही. तिसऱ्या हंगामाला तो पगार पुरणार नव्हता.

शेजारचा लोकेश साहू तीन वर्षांपासून शेत रेगह्यानं मागत होता, म्हणजे कसायचं त्यानं आणि ठरलेलं धान आम्हाला द्यायचं. दर उन्हाळ्यात तो यायचा, चहा प्यायचा, आणि बाबा म्हणायचे, "पाहू."

"छत्तीस," बाबा म्हणाले.

"घ्या, घटले अजून," सासूबाई, मीराबाई, चुलीजवळून म्हणाल्या.

मी बोटानं दोन दाणे दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पाहिले. "हव. अडतीस."

"आता तरी त्या लोकेशले बोलवा," मीराबाई म्हणाल्या.

"पोट्टा बार्डरवर हाय, अन् त्याचं वावर मी दुसऱ्याच्या हाती देऊ? लोक म्हणतील, बापानं आस सोडली."

"लोक मोटार आणून देऊन राहिले का? का लोक रोवणी करून देतात? दोन साल झाले, सून कमावते अन् तिची कमाई तुमचं वावर खाते."

"आई, राहू द्या," मी म्हणाले.

"काहून राहू द्या? तू बोलत नाहीस म्हणूनच मले बोला लागते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, पण आईंचं बोलणं खोडलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पिंकीनं स्पीकर लावला. "पापा!"

"हां बेटा. आवाज कटून राहिला... बाबा आहेत का? बाबा, पेटीतलं धान काढलं का? बरं निघालं ना?"

बाबा मेलेल्या दाण्यांच्या ओळीवरून अंगठा फिरवत होते. "बढिया आहे" हे त्यांचं नेहमीचं उत्तर. पलीकडून कुणीतरी यशदीपला हाक मारली.

"बाबा? जल्दी बोला."

"आईक, यश. बियाणं मेलं. मी ओलं भरलं, माझ्या हातानं मेलं." त्यांनी फोन तोंडाजवळ ओढला. "या साली तुझं वावर लोकेशले रेगह्यानं देऊन राहिलो."