पृथ्वीचं माप

धाकट्या बहिणीनं बावन्नाव्या वर्षी लग्न ठरवलं आणि शिंपीणबाईंना आभाळ ठेंगणं झालं. पण बहीण राहायची पार पूर्वेला, बर्फातल्या एका शहरात. बाईंचं शहरही तसंच बर्फातलं, जगाच्या दुसऱ्या टोकाचं. त्यात गेल्या वर्षी बाईंच्या पायात रक्ताची गुठळी झालेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "विमानात बसा, पण एका बैठकीत आठ तास. त्यावर मिनिटभर नाही."

यजमान गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली, खाली छापलेल्या प्रमाणानं गुणलं आणि मान हलवली.

"तेरा हजार किलोमीटर. विमान ताशी साडेआठशे. पंधरा तास! वेळापत्रकही तेच म्हणतंय. सकाळी आठला सुटतं, रात्री अकराला पोचतं. फोनवरूनच आशीर्वाद दे."

"एकुलत्या एका बहिणीला फोनवरून? आणि तिचा लग्नाचा कोट? अंगावर चढवल्याशिवाय शेवटचा टाका घालायचा कसा?"

बाई नकाशापुढे उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं माणसांची अंगं मोजलेली नजर ती!

"अहो, हे कापड ताणलंय. वर घेर कमी व्हायला हवा, तो यांनी खालच्याइतकाच ठेवलाय."

"म्हणजे नकाशा छापणारे खुळे आणि तू शहाणी?"

"खुळे कशाला? गोल वस्तू कागदावर पसरायची, तर कुठेतरी ओढाताण होणारच. देवानं पृथ्वी गोल घडवली, त्याला ते बिचारे काय करतील? सुटलेल्या पोटाचं माप पोटावरूनच घ्यावं लागतं. तुमचं मी तसंच घेते."

मास्तरांनी पोट आत ओढलं.

बाईंनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली घेतला, धूळ पुसली आणि दोन्ही शहरांवर टेपची टोकं धरली. टेप आडवा ठेवला तर चुण्या पडल्या. ताणला, तसा तो आपसूक वर, ध्रुवाच्या अंगाला सरकला.

"बघा, जवळची वाट त्यानंच दाखवली. सव्वाचौदा सेंटिमीटर. सेंटिमीटरला चारशे किलोमीटर, असं बुडाशी लिहिलंय. करा हिशेब."

मास्तरांनी केला. पुन्हा केला. "पाच हजार सातशे. पावणेसात तास," ते पुटपुटले. "पण वेळापत्रक काय खोटं बोलेल?"

बाईंनी सरळ विमानतळावर फोन लावला. किती वाजता पोचतं, ते विचारलंच नाही. "विमान हवेत किती वेळ असतं, तेवढं सांग, बाळा."

पलीकडची मुलगी हसली. "सात तास, काकू. पोचायची वेळ तिकडच्या घड्याळाची असते आणि ते आपल्यापुढे आठ तास. येताना वारा समोरून, म्हणून पावणेआठ."

"आठाच्या आत ना? देव पावला! दोन तिकिटं कर. मला मधल्या वाटेलगतची जागा दे, उठून पाय मोकळे करायला. यांना कुठेही बसव."

"कुठेही काय कुठेही?" मास्तर खुर्चीतून उठले. "खिडकी सांग तिला, खिडकी!"