मी फक्त भोकं जुळवतो

मित्रांनो, माझ्याकडे बघून याला काही सांगण्यासारखं असेल असं कुणाला वाटणार नाही. काडेपेटीहून थोडा मोठा, एकेकाळी पांढरा, आता पिवळट पडलेला असा मी एक जुना अडॅप्टर आहे. माझ्या तोंडाला दोन चपटी भोकं आहेत आणि पाठीला दोन गोल पिना. पोटात पितळेच्या दोन पट्ट्या, बाकी सगळा पोकळ कारभार. आमच्या तैवानात प्लगच्या पिना चपट्या असतात आणि परदेशात कित्येक ठिकाणी भिंतीतली भोकं गोल असतात. चपट्याला गोलात बसवून देणं एवढंच माझं काम. ते मी इमानानं केलं आणि तरीही माझ्या हातून एका माणसाचं फार मोठं नुकसान झालं.

चांगह्वाजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. जाड चष्म्याची एक बाई माझ्या पोटात पट्ट्या बसवायची. मग मला उलटं करून पोटावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवायची. तांदळाच्या कण्यांएवढी ती अक्षरं: ‘हा फक्त प्लगचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही.’ अक्षरं नीट उठली आहेत ना, एवढंच ती बघायची. माझी ती अक्षरं वाचणारी तीच पहिली, आणि पुढं कैक वर्षं दुसरं कुणी भेटलं नाही.

कीलुंग बंदराजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मला आश्युंगनं घेतलं. तो मालवाहू जहाजांवर आचारी होता. अकरा वर्षं मी त्याच्या दाढीच्या डब्यात राहिलो आणि बंदरं पालथी घातली. कधी त्याचा फोन, कधी दाढीचं मशीन, माझ्या तोंडात काहीही खुपसलं तरी चालायचं. खरं म्हणजे ती यंत्रं कुठलाही दाब पचवतील अशीच बनवलेली होती, त्यात माझी करामत काही नव्हती. पण शाबासकी मला मिळायची. आश्युंग सोबत्यांना म्हणायचा, “हा पठ्ठ्या असला की कुठल्याही भिंतीची भीती नाही.” आणि मी फुगायचो. कौतुक कुणाला नको असतं?

मग आश्युंगनं जहाज सोडलं आणि बाजारात नूडल्सची गाडी टाकली. मी खणात जाऊन पडलो, फुटक्या चष्म्यांच्या आणि बंद घड्याळांच्या संगतीत. तीन वर्षं मला कुणी हात लावला नाही. एका वसंतात खण उघडला गेला तो त्याच्या थोरल्या बहिणीसाठी, लिछिंगसाठी.

लिछिंग रुइफांगला वडिलांपाशी राहायची. ते वडील म्हणजे हुओवांग आजोबा, चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. चाळीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत काढली होती आणि खाणीतली धूळ त्यांच्या छातीतच मुक्कामाला राहिली होती. झोपताना नाकाला नळी लागायची. हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं एक मशीन त्यांच्या उशाशी घुमत असायचं. त्या मशीनच्या डोक्यावर खाऊची एक हिरवी पुडी ठेवलेली असे. मशीन गुणी बाळासारखं वागावं म्हणून आमच्याकडे अशी पुडी ठेवतात. कारखान्यात ठेवतात, इस्पितळातही ठेवतात. पुडी हिरवीच हवी आणि तिची तारीख उलटलेली नको.

आजोबांना सहलीच्या एका जहाजानं जायचं होतं, पण ते मौजेसाठी नाही. आमच्यावर जपानचा अंमल होता तेव्हा त्यांचे वडील जपानच्या इरिओमोते बेटावरच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेले होते. तिथून ते परतलेच नाहीत. हाडं नाहीत, निरोप नाही. घरच्या देव्हाऱ्यात त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती रिकामी आहे असं आजोबांना जन्मभर वाटत आलं. देवळातल्या पुजाऱ्यानं सांगितलं होतं, बेट नजरेच्या टप्प्यात असताना मुलानं स्वतःच्या तोंडानं तीन हाका माराव्यात, म्हणजे आत्मा मागं मागं घरी येतो. मग दोन नाणी टाकून विचारायचं, आलात का? एक छापा आणि एक काटा पडला तर आले. हाक मुलाचीच लागते, नातवंडाची चालत नाही. आणि मूल एकच उरलं होतं, तेही दोन पावलं चाललं की धापा टाकणारं.

“ताई, हा घेऊन जा,” आश्युंग मला बहिणीच्या हातावर ठेवत म्हणाला. “अकरा वर्षं माझ्याबरोबर फिरलाय. कुठंही लाव, काहीही लाव. कधी नाही म्हणत नाही.”

“म्हणजे तुझ्यासारखा नाही,” लिछिंग म्हणाली.

आजोबा खुर्चीतून म्हणाले, “आचाऱ्याची शिफारस आहे. हुंगून घे आधी.”

लिछिंग काटेकोर बाई. कॅलेंडरच्या पाठीवर तिनं यादी केली: औषधं, दोन जादा नळ्या, लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड, मी, दोन नाणी, आणि नवी हिरवी पुडी. पुडीवरची तारीख तिनं दुकानात वाचली आणि बॅगेत भरताना पुन्हा वाचली. मशीनच्या पाठीवर पत्र्याची एक पट्टी होती आणि तिच्यावर ‘११० व्होल्ट’ असं लिहिलेलं होतं. ती पट्टी तिनं वाचली नाही. तिला दोष देत नाही मी. आमच्या देशात सगळ्या घरांत एकशेदहाच असतात, मग कोण कशाला वाचेल?

बंदरावर बॅगा तपासणीतून गेल्या तेव्हा पहिली माशी शिंकली. गणवेशातल्या मुलीनं लिछिंगची बॅग बाजूला घेतली, सगळ्यांदेखत उघडली आणि बोर्ड बाहेर काढला.

“मावशी, हा जहाजावर चालत नाही. आगीची भीती असते. परत आल्यावर ही चिठ्ठी दाखवा, मिळेल.”

“पण आमच्या आबांचं मशीन...”

“वरती खोलीवाल्याकडे मागा ना, जहाजाची वायर देतात ते.” आणि ती पुढच्या बॅगेकडे वळली.

मागची रांग माना उंचावून बघत होती. आजोबा हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. “खाणीच्या तोंडाशी रोज झडती व्हायची, काडेपेटी आहे का म्हणून,” ते म्हणाले. “चाळीस वर्षांत कधी सापडलो नाही. आज सापडलो.” लिछिंगनं खाली मान घालून बॅग भरली. मला कुणी अडवलं नाही. मी निरुपद्रवी दिसतो.

खोली चांगली होती, खिडकी समुद्रावर उघडणारी. पण चपट्या भोकांचं सॉकेट दाराजवळच्या टेबलापाशी होतं आणि पलंग पार दुसऱ्या टोकाला. नळी तिथवर पोचेना. पहिल्या रात्री आजोबा टेबलाजवळच्या आखूड सोफ्यावर पाय मुडपून झोपले. सकाळी त्यांची पाठ धरली होती आणि दम नेहमीपेक्षा लवकर लागत होता. दुपारी चारच्या सुमाराला बेट दिसणार होतं. जेवण झाल्यावर ते लिछिंगला म्हणाले, “तास दोन तास पाठ टेकली पाहिजे, आछिंग. हाका मारायला छातीत काहीतरी शिल्लक हवं.”

“खोलीवाल्या पोराला वायर मागते,” लिछिंग म्हणाली.

“नको. काल सगळ्या जहाजानं बघितलं आपल्याला. आता पुन्हा वायर मागायची? लोकांना किती त्रास द्यायचा?”

मित्रांनो, आमच्याकडची माणसं अशीच आहेत. मरणाच्या दारात उभं असताना शेजाऱ्याची झोपमोड होईल म्हणून हळू खोकतील. लिछिंगनं पुन्हा विचारलं नाही. तिनं खोलीभर नजर फिरवली. पलंगाच्या उशाशी भिंतीत दोन गोल भोकं होती. तिचा चेहरा उजळला आणि तिनं बॅगेतून मला काढलं.

त्या भोकांपाशी दोनशेवीसचा दाब होता. माझ्या पिना आत गेल्या तशी मला तो कळला. नेहमीचाच होता, अकरा वर्षं मी तो अंगावर घेतला होता. पण या वेळी माझ्या तोंडात फोन नव्हता, दाढीचं मशीन नव्हतं. एकशेदहावर वाढलेलं, दुप्पट कधी न पाहिलेलं एक मशीन होतं. माझ्या पोटावरची अक्षरं खाली तोंड करून होती. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण माझ्यासारख्याचं काम जे आलं ते पुढं पाठवणं, आणि मी ते पाठवलं.

मशीन नेहमीपेक्षा जोरात घुमू लागलं.

“बघा आबा, कसं चालतंय आज,” लिछिंग म्हणाली. तिनं हिरवी पुडी त्याच्या डोक्यावर नीट ठेवली, आजोबांचा चष्मा टेबलावर ठेवला. “मी वर जाऊन कठड्याजवळची खुर्ची धरते. साडेतीनला न्यायला येते.”

“बेटाच्या बाजूची धर,” आजोबा डोळे मिटून म्हणाले. “नाहीतर मी उलट दिशेला ओरडत बसायचो.”

ती गेल्यावर चार-पाच मिनिटांत मशीनमधून जळका वास आला. खोकल्यासारखा एक आवाज झाला आणि ते थांबलं. आजोबांनी डोळे उघडले. नळी नाकाला तशीच होती, तिच्यातून काही येत नव्हतं. त्यांच्या हाताशी भिंतीवर एक बटण होतं, दाबलं की माणूस येतो. त्यांनी हात उचलला, बटणावर नेला आणि परत खाली ठेवला. बहुतेक वाटलं असेल, लेक येईलच इतक्यात. ते मोजून श्वास घेऊ लागले, खाणीत हवा कमी पडली की घ्यायचे तसे. ओठ निळे पडत गेले. मी हातभर अंतरावर होतो, भिंतीत रुतलेला, आणि नुसता बघत होतो.

माणसं आली ती छतावरचा धुराचा भोंगा वाजला म्हणून. त्यांनी आजोबांना उचललं आणि चाकाच्या खाटेवरून खाली नेलं, जहाजाच्या पोटातल्या दवाखान्यात. कुणीतरी मला भिंतीतून उपटलं आणि धावत आलेल्या लिछिंगच्या हातात दिलं. वर खुर्चीवर तिनं स्वेटर टाकून जागा धरली होती. समुद्रावर डोंगराची निळी रेघ उमटायला लागली तेवढ्यात लाउडस्पीकरवरून तिचं नाव पुकारलं गेलं होतं.

दवाखान्यात खिडकी नव्हती. आजोबांच्या तोंडावर मास्क होता, शेजारी ऑक्सिजनची लोखंडी नळकांडी. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आजोबांनी डोळे उघडले.

“दिसतंय का?”

“समोरच आहे, आबा.”

“कुठल्या बाजूला?”

लिछिंगनं एका भिंतीकडे बोट दाखवलं. तिला दिशा ठाऊक नव्हती. मी तिच्या दुसऱ्या मुठीत होतो. आजोबांनी मास्क बाजूला केला आणि त्या भिंतीकडे तोंड केलं.

“आबा,” त्यांनी हाक मारली. “बोट आली आहे. चढा. घरी जाऊ या.”

एवढ्यानं ते घामेघूम झाले. दुसऱ्यांदा “आबा” एवढंच निघालं. तिसऱ्या वेळी ओठ हलले, आवाज आला नाही. नर्सनं मास्क परत चढवला.

आजोबांनी हातानं खूण केली तेव्हा लिछिंगनं नाणी काढली आणि चादरीवर टाकली. दोन्ही काटे. पुन्हा टाकली, पुन्हा दोन्ही काटे. तिसऱ्यांदाही तेच. तिनं झटकन नाणी उचलली आणि नाक ओढून म्हणाली, “एक छापा, एक काटा. आले ते.”

आजोबांचा चष्मा वर खोलीत राहिला होता. पण लेक त्यांचीच होती.

“खोटं बोलताना लहानपणापासून नाक ओढतेस,” ते मास्कआडून म्हणाले. मग म्हणाले, “राहू दे. त्यांना माझा आवाज ओळखू आला नसेल. गेले तेव्हा मला बोलता येत नव्हतं.”

लिछिंग तिथंच, नर्ससमोर, मोठ्यानं रडली.

आम्ही घरी परतल्यावर आश्युंग आला. जळलेलं मशीन त्यानं उलटं केलं, पाठीवरचा आकडा वाचला, मग मला उलटं करून माझं पोट वाचलं. कण्यांएवढी अक्षरं वाचायला त्याला बराच वेळ लागला. त्यानं मला फेकायला हात उगारला.

“त्याच्यावर कशाला चिडतोस?” आजोबा म्हणाले. “त्यानं अंगावर लिहून ठेवलं होतं.”

त्या थंडीत आजोबा गेले. इरिओमोतेच्या दिशेनं हाक मारू शकेल असं मूल आता कुणी उरलं नाही. देव्हाऱ्यात आजोबांच्या नावाची पाटी त्यांच्या वडिलांच्या पाटीशेजारी आहे. लिछिंग दोघांपुढंही उदबत्ती लावते, पण वडिलांच्या वडिलांपुढं लावताना तिचा हात अजून अडखळतो. मी देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, त्या दोन नाण्यांबरोबर. माझ्या पोटावर तिनं कागद चिकटवला आहे आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, ‘आधी आकडा वाच.’

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी सांगत नाही. मला धूळ लागली तरी चालेल, खणात पडून राहिलो तरी चालेल. पण प्रवासाची बॅग भराल तेव्हा यंत्राची पाठ उलटी करून आकडा वाचा, माझं पोटही वाचा, आणि मला कुणी कितीही शाबासकी दिली तरी विश्वास ठेवू नका. मी फक्त भोकं जुळवतो. आणि काही कमी पडलं तर मागा. खोलीवाला पोरगा आमच्या दारावरून त्या दुपारी दोनदा गेला होता. त्याच्या गाडीवर, टॉवेलांच्या शेजारी, जहाजाची लांब वायर गुंडाळून ठेवलेली होती.