पोटातली तीनशे बारा माणसं

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे, जरा डोळे पुसत सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण मला ते जमणार नाही. सहा वर्षं मी अशा बाईंच्या हाताखाली काढली आहेत, ज्यांनी माझ्या संयमाचा अंत पाहिला. तेव्हा थोडी चिडचिड चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर कुणी मला काच बसवली, कुणी बॅटरी, कुणी कॅमेरा. कॅमेरा फार चांगला होता. खोक्यावर तसं मोठ्या अक्षरांत छापलंच होतं. मला वाटलं, आता डोंगर टिपायचे, समुद्र टिपायचा. नशिबात आले दात.

आमच्या मालकीणबाई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. दवाखान्यातून त्यांच्याकडे माणूस कधी येत नाही. येतो तो जबड्याचा प्लास्टरचा साचा आणि त्यावर एक नंबर. त्या साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी रचायची आणि एकेक दात बसवायचा, हे त्यांचं काम. पण जेवणाच्या सुट्टीत बाई डबा दहा मिनिटांत संपवतात आणि उरल्यासुरल्या मेणातून त्या जबड्याचा माणूस घडवतात. जेमतेम अंगठ्याएवढा. एका बाजूचीच हिरडी जास्त झिजलेली दिसली, की हा गृहस्थ हट्टी असणार, असं ठरवून त्याला हाताची घडी घालून उभा करतात. एक आजी हसताना तोंडावर हात धरते. एक पोस्टमन सायकल हातात धरून चालतो, कारण बसायचा कंटाळा. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चित्र टिपायचंच विसरलो होतो.

फोटो काढून झाला, की बाई तो माणूस मेणाच्या वाटीत परत टाकतात. मेण लॅबचं, आणि शिवाय कुणी पाहिलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा मंत्र. दोन मिनिटांत आजी वितळते. मग ती उरते फक्त माझ्या पोटात.

आता तुम्ही विचाराल, बाईंनी हे कधीच कुणाला दाखवलं नाही का? दाखवलं. एकदाच. मी नवा होतो तेव्हा त्यांनी त्या आजीचा फोटो, जिथे सारं जग आपापले फोटो टाकतं अशा एका ॲपवर टाकला. आठव्या मिनिटाला त्यांच्या नणंदबाईंनी खाली लिहिलं, 'छान आहे. पण आजी बसली आहे की पडली आहे?' झालं. अकराव्या मिनिटाला बाईंनी फोटो काढून टाकला. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून सेटिंगमध्ये जाऊन, यापुढे जे टाकू ते 'फक्त मला' दिसावं, असंही करून ठेवलं. आणि हे केल्याचं साफ विसरून गेल्या.

त्यानंतरची वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. आठवड्याला एक माणूस. फोटो काढायचा, खाली दोन ओळी लिहायच्या आणि खोडायच्या. 'सहज केलं.' खोडलं. 'वेळ जात नव्हता म्हणून.' खोडलं. वेळ जात नव्हता? अहो बाई, सायकलच्या चाकातल्या तारा सुईने कोरताना तुमचा चहा तीनदा गार झाला होता. 'चुका असतील, सांभाळून घ्या.' हे तर मी सव्वीस वेळा लिहून घेतलं आहे. एवढ्या वेळात एखाद्याने पोथी लिहिली असती.

शेवटी माझी बॅटरी फुगली. मागचं झाकण उचललं गेलं. समोरच्या दुकानातल्या मोबाइलवाल्याने मला उलटंपालटं केलं आणि सांगितलं, "या बॅटरीचा आता भरवसा नाही. आज आहे, उद्या नाही. आत काही महत्त्वाचं असेल तर लगेच काढून घ्या."

बाई म्हणाल्या, "तसं काही नाही."

मित्रांनो, पोटात तीनशे अकरा माणसं घेऊन मी त्या काउंटरवर पडलो होतो. त्यांतल्या एकाचंही मेण शिल्लक नव्हतं. मी विझलो तर सगळे गेले. आणि म्हणे तसं काही नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

अशात दातकाकांनी मनावर घेतलं. दातकाका म्हणजे लॅबमधले सगळ्यांत जुने कारागीर. चाळीस वर्षं लोकांना दात दिले, स्वतःचं तोंड बोळकं. अखेर त्यांनीही कवळी करायचं ठरवलं आणि स्वतःचा साचा बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी सुट्टीत मेणाचे काका केले. एक खांदा वर, खुर्चीत बसलेले. फोटो काढला आणि काकांना वाटीवर धरलं, तोच खरे काका मागे उभे.

"मला वितळवतेस का गं?" काकांनी विचारलं.

बाईंनी वाटी मागे सरकवली. काकांनी तो पुतळा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि वाटीऐवजी खणात ठेवला. मग म्हणाले, परगावी असलेल्या माझ्या मुलीला दिसेल असं कुठेतरी हे टाक. नाही कसं म्हणणार? बाईंनी डोळे मिटून बटण दाबलं. सहा वर्षांनी! माझी फुगलेली बॅटरी आणखी फुगली असेल.

पण कोपऱ्यात एक छोटं कुलूप उमटलं. 'फक्त मला.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला सेहेचाळीस वेळा उघडून पाहिलं. सेहेचाळीस वेळा मी ते कुलूप त्यांच्या नाकासमोर धरलं. मला उजेड पाडता येतो, थरथरता येतं, पण 'बाई, कोपऱ्यात बघा' एवढं म्हणता येत नाही. काका म्हणाले, मुलीला काहीच दिसलं नाही, तिच्या फोनमध्येच बिघाड असेल. यावरून बाईंनी काय अर्थ काढावा? तिने पाहिलं, तिला आवडलं नाही, आणि काका बिचारे सांभाळून घेत आहेत. यापुढे मी डोकं कुठे आपटून घ्यायचं?

रविवारी दुपारी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. त्यांनी एकेक करत तीनशे बाराही फोटो निवडले. अंगठा कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर आला. तेवढ्यात नणंदबाई आत आल्या आणि त्यांनी मला सरळ हातातून काढून घेतलं.

"फोन भरलाय," बाई म्हणाल्या. "उगाचच्या गोष्टी काढून टाकतेय."

नणंदबाई बोट सरकवत गेल्या. चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. मग त्यांनी विचारलं, यातलं कधी काही टाकलंस का. बाई म्हणाल्या, परवाच टाकलं, कुणाला आवडलं नाही. नणंदबाईंनी ते उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे फक्त तुलाच दिसतंय. ताकाला जाऊन भांडं कसलं लपवतेस?"

"तूच लिहिलं होतंस ना तेव्हा. बसली आहे की पडली आहे."

"मग? मला खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारलं. तुझ्या उत्तराची वाट बघत बसले, तर फोटोच गायब." त्यांनी मला बाईंच्या पुढ्यात ठेवलं. "कुलूप तूच काढ."

बाईंनी काढलं. मी घड्याळ लावलं.

तिसऱ्या मिनिटाला काकांच्या मुलीने लिहिलं की बाबांचा खांदा अगदी असाच वर असतो. आठव्या मिनिटाला नणंदबाईंनी, समोरच्याच खुर्चीत बसून, तोंडाने न विचारता लिहिलं, 'खुर्चीला तीनच पाय कसे?' बाईंचा चेहरा उतरला. नववं मिनिट. दहावं. अंगठा पुन्हा त्या चिन्हाकडे गेला. मी श्वास रोखला, म्हणजे मला असता तर रोखला असता. अकराव्या मिनिटाला बाईंनी अंगठा बाजूला घेतला आणि टाइप केलं, 'चौथ्याला मेण पुरलं नाही.'

नणंदबाई समोर मोठ्याने हसल्या. बाईही हसल्या. तोंडावर हात न धरता. आणि बारावं मिनिट उजाडलं.

सोमवारी बाई मला घेऊन पुन्हा त्या दुकानात गेल्या. मला काउंटरवर अलगद ठेवून म्हणाल्या, "आत तीनशे बारा माणसं आहेत. जपून काढा."

ती माणसं आता नव्या फोनमध्ये आहेत आणि आठवड्याला एक बाहेर पडतो. कुणी वाहवा करतं, कुणी सायकलची घंटा कुठे आहे म्हणून विचारतं. बाई उत्तरं देतात. कधीकधी अजून घाबरतात, पण मेण आता वाटीत परत जात नाही.

मित्रांनो, आमची काच पुसा, बॅटरी फुगेपर्यंत वापरू नका, हे तर सांगायचंच आहे. पण तुम्ही केलेल्या गोष्टी आमच्या पोटात कोंडून ठेवू नका. आम्ही फार दिवस टिकत नाही. मी सध्या बॅटरीविना लॅबच्या फळीवर उभा असतो. मेणाच्या दातकाकांची ती तीन पायांची खुर्ची नुसती ठेवली तर कलंडते, म्हणून बाईंनी ती मला टेकवून ठेवली आहे. तिचा चौथा पाय सध्या मी आहे.