गोजरबाईच्या हातावरचं त्रिशूळ

"उठलं! आईचं त्रिशूळ उठलं!"

मारुतीच्या पारावर भभूतीनाथ मांत्रिक थयथया नाचत होता आणि अख्खं गाव 'उदो उदो' करत दाटलं होतं. कीर्तनात टाळ धरणारा मी. देवीचं नाव निघताच माझेही हात जुळलेले. मधे गोजरबाई सुईण उभी. तिच्या उजव्या हातावर, मनगटामागं, तीन बोटांचे काळेकुट्ट पट्टे आणि भोवती टपोरे फोड.

१९५३ सालचा चैत्र. वालूरजवळच्या आमच्या गावात गोवरानं तीन लेकरं नेली होती. दोन दिवसांपूर्वी या नाथानं बायांची रांग लावली, जोडलेले हात डोक्यावर धरायला लावले आणि एकेकीच्या हाताला तीन बोटांनी काळा अंगारा फासला.

"जी चेटकीण आसंल तिलाच त्रिशूळ उठंल. आईच्या दरबारात अपील न्हाई!"

आजारी लेकरासाठी त्यानं दिलेला ताईत गोजरबाईनं सगळ्यांदेखत परत केला होता. "लेकराला दवाखान्यात न्या," म्हणाली होती.

आबासाहेब पाटलांचा नातू गेलेला. ते गरजले, "उन्हं कलायच्या आत गाव सोड!"

"मालक, ह्याच हातानं तुमचा नातू झेलला व्हता," गोजरबाई म्हणाली. लोकांनी धोंडे उचलले.

तेवढ्यात सेलूहून देवीच्या रोगाची लस टोचायला आलेले डॉक्टर दिनकरराव, अंगाऱ्याची हकिकत ऐकून, गर्दीत घुसले. "थांबा! हात बघू द्या."

"शिवू नका डाक्टर, तुमचा हात झडंल!" नाथ ओरडला.

"झडू दे. दुसरा आहे."

त्यांनी तिचा हात उन्हात धरला. "पाटील, जवळ या. नायटा गोल होत कडेनं पसरतो. खरूज बोटांच्या बेचक्यांत निघते. हे तसं दिसतंय? इथं बोट टेकलं तेवढंच जळालंय. अन् हा ओघळ बघा, मनगटाकडून कोपराकडं गेलाय."

"मग?"

"हात वर धरले की कोपर खाली येतं. अंगाऱ्यातलं काहीतरी पातळ ओघळलंय."

कडूबाई परटीण वाकून बघायला लागली अन् किंचाळली, "आगं बया! ह्यो तर बिब्बा उतलाय! कपड्यावर खुणा करताना माझ्या सुनंला आस्संच झालं व्हतं!"



"महाराज," डॉक्टर म्हणाले, "कमरेला दोन डब्या दिसतात. दोन्हींतला अंगारा स्वतःच्या गालाला लावा."

"आज... आज माझा उपास हाय."

"लावायचाय, खायचा न्हाई!" मागून कुणीतरी ओरडलं.

नाथ पाठीमागं सरकला. पाटलांनी त्याचं मनगट धरलं, डब्या उघडल्या. एकीत कोरडी राख. दुसरीत बिब्ब्याच्या तेलात कालवलेली, चिकट. स्वतःची कातडी वाचवायला बोटांना मेण चोपडून फक्त गोजरबाईला ती लावली, हे त्यानं नंतर चावडीवर कबूल केलं.

धोंडे एकेक करून खाली पडले. आबासाहेब गोजरबाईपुढं आले.

"गोजर, धाकट्या सुनंचे दिवस भरत आलेत. येशील?"

"हात बरा झाल्यावर," ती म्हणाली.

देवाचं नाव मी आजही गातो, गात राहीन. पण अंगावर डाग, फोड, गाठ, काहीही उठलं तर आधी उजेडात नीट बघा आणि दवाखान्यात दाखवा. देवीच्या नावानं कुणी एखाद्या बाईकडं बोट दाखवलं, तर पहिली झडती त्याचीच घ्या.